नापा व्हॅलीत मोटेलात उतरायचं असेल तर

भारतातून आलेल्या आईवडिलांना शनिवार-रविवारी कुठे न्यायचं, हा प्रश्न बे एरियातल्या बहुतेक मराठी घरांत पडतो. गोल्डन गेट बघून झालेला असतो, योसेमिटी लांब पडतं, मग कुणीतरी नापाचं नाव काढतं. हॉटेलांचे दर पाहिले की उत्साह निम्मा होतो. त्याच यादीत खाली एखादं ‘मोटर लॉज’ दिसतं. बैठी इमारत, निऑनची पाटी, मधोमध पोहण्याचा तलाव, खोलीच्या दारासमोर गाडी. फोटो झकास असतो, भाडं मात्र मोटेलचं नसतं. इतके पैसे मोटेलला का मोजायचे, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर कळलं की खोली कशी निवडायची हेही आपोआप कळतं.

मोटेल हा प्रकार कॅलिफोर्नियातच सुरू झाला. लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को हा मोटारीचा प्रवास तेव्हा एका दिवसात उरकत नसे. म्हणून आर्थर हाइनमन या आर्किटेक्टने १९२५ साली वाटेतल्या सॅन लुइस ओबिस्पोला मोटारवाल्यांसाठी असा पहिला मुक्काम बांधला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी गाडी आली आणि हमरस्त्यांवर मोटेलांची रांग लागली. दहा-वीस खोल्या, नवरा-बायकोने मिळून चालवलेला धंदा, लांबून दिसेल अशी पाटी. पुढे १९५६ च्या कायद्याने इंटरस्टेट महामार्गांचं जाळं विणायला घेतलं आणि वाहतूक गावाबाहेरून वळली. १९६२ मध्ये सँटा बार्बराला सहा डॉलरांत खोली देणारं पहिलं ‘मोटेल सिक्स’ निघालं. साखळी मोटेलांपुढे घरगुती धंद्याचा टिकाव लागेना. कित्येक मोटेलं पाडली गेली, कित्येकांना अवकळा आली.

नापात ती पुन्हा उभी राहिली, त्यामागे जुन्या वस्तूंच्या हौसेइतकाच जमिनीचा कायदा आहे. नापा काउंटीने १९६८ साली दरीतली शेतजमीन राखीव केली. अमेरिकेतला अशा प्रकारचा हा पहिलाच प्रयोग. आधी वीस एकरांपेक्षा लहान तुकडे पाडायला बंदी आली, नंतर ती मर्यादा चाळीस एकरांवर नेली. १९९० मध्ये मतदारांनीच ठरवलं की या जमिनीचा वापर बदलायचा तर आधी मतदान घ्यायचं. या पट्ट्यात वायनरी चालते, पण तिला आवारात हॉटेल काढता येत नाही. नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षबागेतच रिसॉर्ट पाहिलेला माणूस इथे बुचकळ्यात पडतो. वायनऱ्या शेकड्यांनी आहेत आणि राहायला जागा मोजक्या, त्याही गावांच्या हद्दीत दाटलेल्या. अशा ठिकाणी ज्या प्लॉटवर सत्तर वर्षांपूर्वीच मोटेल उभं राहिलं होतं, तो प्लॉट सोन्याचा झाला. जुनं पाडून नवं बांधण्यापेक्षा जुन्या भिंती राखून रंग, फर्निचर आणि पाटी उजळणं व्यवहाराचं ठरलं.

म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते जागेचे आणि अंगणाचे. खोली तीच असते, १९५० च्या आसपासची, त्या काळच्या मापाची. गादी नवी, चादरी उत्तम, न्हाणीघरात छान फरशी, भिंतीवर त्या दशकाला शोभेल असा गडद रंग. पण भिंतीची जाडी, खिडकीची जागा आणि दोन खोल्यांमधलं अंतर सहसा कुणी बदलत नाही. एकदा हे मनाशी पक्कं केलं की निवडीचे निकष उलटे होतात. खोलीचा फोटो शेवटी बघायचा, इमारतीचा नकाशा आधी.

उत्तर टोकाचं कॅलिस्टोगा हे गाव या बाबतीत पहिलं. सॅन फ्रान्सिस्कोपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत, दीड ते दोन तासांवर. इथे जमिनीतून गरम पाणी येतं आणि १८६० च्या दशकापासून लोक त्यासाठी येतात. लिंकन अव्हेन्यू हा गावाचा मुख्य रस्ता. त्याच्या मध्यावर डॉक्टर विल्किन्सन्स आहे. जॉन विल्किन्सन या कायरोप्रॅक्टरने १९५२ मध्ये चिखलस्नानासाठी ते काढलं, आणि पूर्ण डागडुजीनंतर २०२१ मध्ये ते नव्याने उघडलं. जुनी निऑन पाटी अजून तिथेच आहे. त्याच रस्त्यावर गावाच्या कडेला कॅलिस्टोगा मोटर लॉज आहे, चाळिशीच्या दशकातलं. दोन्हीकडे गरम खनिज पाण्याचे तलाव आहेत आणि ते पाहुण्यांना खोलीच्या भाड्यातच मिळतात. दक्षिणेला सेंट हेलेनात हमरस्त्याला लागूनच एल बोनिता मोटेल आहे. तिथून वायनऱ्या जवळ, पण गरम झऱ्याची मजा नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने कॅलिस्टोगाच धरावं, असं माझं मत.

आता नकाशा. अशी मोटेलं बहुधा इंग्रजी यू किंवा एल अक्षराच्या आकारात बांधलेली असतात. मध्ये अंगण, त्यात तलाव, भोवती एका ओळीत दारं. आपल्या चाळीच्या गॅलरीसारखंच हे. येणारा-जाणारा प्रत्येक जण तुमच्या दारावरून जातो आणि तुम्ही खिडकीचा पडदा उघडा ठेवलात तर तो आत बघतोच. यूच्या दोन टोकांच्या खोल्या रस्त्याच्या जवळ असतात, तिथे पहाटे पाचपासून ट्रक ऐकू येतात. तलावाशेजारच्या खोल्या फोटोत सुंदर दिसतात, पण रात्री दहापर्यंत तिथे गप्पा चालतात. बर्फाचं यंत्र किंवा तलावाचा पंप ज्या खोलीला लागून आहे तिथे रात्रभर घरघर. सगळ्यात शांत असते ती यूच्या मागच्या बाजूची, कोपऱ्याच्या अलीकडची खोली. दुमजली इमारत असेल तर वरच्या माणसाची पावलं खाली ऐकू येतात. वयस्कर माणसं बरोबर नसतील तर वरची खोली घ्यावी.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर मात्र मोटेलसारखी सोय मोठ्या हॉटेलातही मिळत नाही. दारासमोर गाडी लावायची, दहा पावलांवर पलंग. लिफ्ट नाही, लांबलचक कॉरिडॉर नाही. फक्त बुकिंगनंतर मोटेलच्या ऑफिसात फोन करून तीन गोष्टी विचारून घ्या. खोली तळमजल्यावर आहे ना आणि दाराशी पायरी आहे का? न्हाणीघरात उंच काठाचा टब आहे की थेट आत चालत जाता येईल असा शॉवर? दोन पलंगांच्या खोलीत किती माणसं चालतात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर साधारणपणे चार असं येतं. ‘आम्ही खाली गादी टाकू’ हे इथे चालत नाही. आगीच्या नियमांत माणसांचा आकडा ठरलेला असतो आणि ऑफिसातली बाई कितीही गोड बोलली तरी तो वाढवत नाही. काही मोटेलांमध्ये लहान मुलांना प्रवेशच नसतो, तर काही मुद्दाम कुटुंबांसाठी असतात. तेही आधी विचारा.

हा फोन मोटेललाच करा, बुकिंगच्या अॅपच्या ग्राहक सेवेला नव्हे. अॅपवाल्याला खोल्यांचे प्रकार माहीत असतात, खोल्या माहीत नसतात.

शांत खोली मिळाली तरी द्राक्षांच्या गावात रात्र शांत असेलच असं नाही. मार्च ते मेच्या सुरुवातीपर्यंत वेलींना नुकते कोंब फुटलेले असतात आणि पहाटे पारा गोठणबिंदूकडे घसरला तर ते करपतात. म्हणून मळ्यांमध्ये उंच खांबांवर मोठाले पंखे बसवलेले असतात. ते सुरू झाले की वरची ऊबदार हवा खाली ढकलली जाते. आवाज अगदी हेलिकॉप्टरचा, पहाटे तीनपासून सूर्य वर येईपर्यंत. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा तोडणीचा हंगाम. फळ थंड राहावं म्हणून ती बरेचदा रात्रीच करतात. ट्रॅक्टरवर लावलेले प्रखर दिवे, माणसांच्या हाका, क्रेट भरल्याचे आवाज. नाशिकला तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे नाशिककर वाचकांना हे वेळापत्रक उलटं वाटेल. हंगाम बघायचा असेल तर हा आवाज त्याचाच भाग समजा. झोप हलकी असेल तर कानात घालायचे बोळे बरोबर ठेवा.

कधी जावं? दर पाहिले तर जानेवारी-फेब्रुवारी. वेली निष्पर्ण असतात, पण ओळींमधून पिवळीधमक मोहरी फुललेली असते. पाऊस लागू शकतो, आणि पावसात गरम तलावात बसण्याची मजा उन्हाळ्यात नाही. रविवार ते गुरुवार आणि शुक्रवार-शनिवार यांच्या दरांत मोठी तफावत असते. हंगामातल्या शनिवारी जी खोली चारशे डॉलरच्या पुढे जाते, ती हिवाळ्यातल्या मंगळवारी अनेकदा निम्म्या भावात मिळते. हंगामात शनिवार-रविवारसाठी दोन रात्रींची अटही घालतात. मे महिन्याच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या शनिवार-रविवारी नापा शहरात बॉटलरॉक हा संगीत महोत्सव असतो, त्या दिवसांत नापाचा विचारही करू नये. उन्हाळ्यात दुपारी ३३-३४ अंश आणि पहाटे १२-१३ असा फरक पडतो. जुलैत गेलात तरी स्वेटर लागेल.

भाड्यावर शहराचा मुक्काम-कर आणि इतर आकार मिळून साधारण १२ ते १५ टक्के वाढतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून सक्तीचे छुपे आकार जाहिरातीतल्या दरातच धरावे लागतात, त्यामुळे ‘रिसॉर्ट फी’ची जुनी चलाखी आता चालत नाही. सरकारी कर मात्र अजूनही शेवटच्या पानावर येऊ शकतो. दोन ठिकाणांची तुलना करायची तर तिथवर जाऊनच करा.

चिखलस्नानाविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण मराठी माणूस इथेच सर्वांत जास्त बिचकतो. ज्वालामुखीची राख, पीट नावाची कुजलेल्या वनस्पतींची काळी माती आणि गरम खनिज पाणी यांचं मिश्रण एका चौकोनी टाकीत भरलेलं असतं. बसायला गेलं तर आपण बुडतच नाही, चिखल इतका दाट असतो. मदतनीस तुमच्या अंगावर तो ओढून गळ्यापर्यंत झाकतो आणि कपाळावर गार फडकं ठेवतो. दहा-बारा मिनिटांत नाकावर घामाचे थेंब येतात आणि हात वर काढावासा वाटतो, पण चिखलाच्या वजनामुळे तो सहज निघत नाही. मग शॉवर, खनिज पाण्याचा टब, वाफ आणि शेवटी चादरीत गुंडाळून निवांत पडणं. अंगाला गंधकाचा हलका वास दुसऱ्या दिवसापर्यंत येतो. बहुतेक ठिकाणी चिखलात विवस्त्रच उतरतात, अर्थात स्त्रिया आणि पुरुष वेगळे. संकोच वाटत असेल तर बुकिंगच्या वेळीच बोला, पोहण्याचा वेश घालायला सहसा हरकत नसते. गरोदर स्त्रियांनी, हृदयविकार किंवा रक्तदाबाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. वाइन पिऊन तर कुणीच उतरू नये. हे स्नान खोलीच्या भाड्यात नसतं, पैसे वेगळे पडतात. ते परवडलं नाही तरी हळहळू नका, तलाव फुकट आहे आणि पाणी त्याच जमिनीतलं आहे.

त्या तलावासाठीच चेक-इनच्या पहिल्या मिनिटाला पोचावं, बहुधा दुपारी तीन-चारला. सकाळी दोन वायनऱ्या बघा, दुपारी खोली ताब्यात घ्या आणि संध्याकाळ अंगणातच काढा. दिवसभर हिंडून रात्री नऊला उतरलात आणि सकाळी नऊला निघालात, तर ज्याचे पैसे दिले ते बघितलंच नाही. नुसतं झोपायचं असेल तर व्हायेहो किंवा सँटा रोझाचं साधं मोटेल निम्म्या पैशांत पुरेल. अशी न उजळलेली मोटेलं चालवणारी कितीतरी कुटुंबं गुजराती आहेत. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या आशियाई-अमेरिकन हॉटेलमालकांच्या संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे अमेरिकेतली साधारण साठ टक्के हॉटेलं तिच्या सभासदांच्या मालकीची आहेत. तिथे निऑन पाटी उजळलेली नसेल, पण खोली स्वच्छ असते. रात्री अकराला ‘जरा गरम पाणी मिळेल का’ असं विचारलं तर चहाही होतो, असा अनुभव बऱ्याच जणांना आहे.

वायनऱ्या एका दिवसात दोन, फार तर तीन. नापात १९९० च्या नियमांनंतर परवाना मिळालेल्या वायनऱ्यांना आधी वेळ ठरवूनच पाहुणे घेता येतात, तेव्हा वाटेत पाटी दिसली म्हणून आत वळण्याचे दिवस गेले. टेस्टिंगला माणशी ४० ते ७५ डॉलर हा सर्रास दर आहे आणि नावाजलेल्या ठिकाणी तो शंभरावर जातो. दोघांत एक टेस्टिंग चालेल का, हे बिनदिक्कत विचारा. घोट चाखून भांड्यात थुंकणं इथे असभ्य समजत नाहीत, जाणकार तेच करतात. कॅलिस्टोगात मुक्काम असेल तर शातो माँटेलेना ही वायनरी गावाबाहेर जवळच आहे. १९७६ च्या पॅरिसमधल्या, लेबलं झाकून घेतलेल्या प्रसिद्ध चाचणीत हिच्याच १९७३ च्या शार्डोनेने फ्रेंच वाइनना मागे टाकलं होतं. आईवडील पीत नसले तरी दगडी इमारत आणि तळं बघायला त्यांना आवडेल. टेस्टिंग त्यांच्यासाठी घेऊ नका.

गाडीचं काय, हा खरा प्रश्न. कॅलिफोर्नियात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे आणि संध्याकाळी हमरस्ता २९ वर पोलीस दिसतातच. उघडलेली बाटली गाडीत हाताशी ठेवणंही गुन्हा आहे, ती डिकीत टाकावी. व्हिसावर असलेल्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, अजून शिक्षा झालेली नसली, तरी अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. २०१५ पासून हे धोरण आहे. नोकरीवाल्याची एच-वन असो की आईवडिलांचा पर्यटक व्हिसा, धोका सारखाच. त्यामुळे एकाने दिवसभर न पिण्याचं ठरवायचं, किंवा पायी जाता येईल अशीच ठिकाणं धरायची. लिंकन अव्हेन्यूवर टेस्टिंगच्या खोल्या आहेत, मोटेलातून चालत जाऊन चालत परत येता येतं. दर जास्त असूनही गावातलं मोटेल घ्यावं ते यासाठी. सेंट हेलेना ते कॅलिस्टोगा हा व्हाइन ट्रेल नावाचा सायकलरस्ता २०२४ मध्ये खुला झाला आहे आणि दरीतून दहा नंबरची बस धावते. रात्री उबर मिळेल अशा भरवशावर मात्र राहू नका, दरीच्या या टोकाला ती फारशी फिरकत नाही.

खाण्याचं सोपं आहे. कॅलिस्टोगाने साखळी रेस्तराँना बंदी घातलेली आहे, त्यामुळे ओळखीची पाटी दिसणार नाही. पण शाकाहारी पिझ्झा, सूप, मेक्सिकन बीन्स-भात मिळतो. खोलीत छोटा फ्रिज बहुधा असतो, शेगडी नसते आणि इलेक्ट्रिक कुकर लावणं नियमात बसत नाही. दशमी, चटणी, मेतकूट न्या. अंगणातल्या टेबलावर बसून खाल्लं तर कुणी हरकत घेत नाही. सकाळी निघताना खोली आवरणाऱ्या बाईसाठी रात्रीमागे तीन-चार डॉलर टेबलावर ठेवावेत.

सप्टेंबर-ऑक्टोबरात जाणार असाल तर वणव्याचा विचार करूनच बुकिंग करा. ऑक्टोबर २०१७ चा टब्स वणवा कॅलिस्टोगाजवळच पेटला आणि रातोरात सँटा रोझापर्यंत पोचला. सप्टेंबर २०२० च्या ग्लास वणव्यातही गाव रिकामं करावं लागलं होतं. पैसे परत मिळणारा दर घ्या, मग तो पंचवीस-तीस डॉलरने महाग का असेना. फोनवरच्या आपत्कालीन सूचना बंद ठेवू नका. रात्री गाडीत निम्म्याहून जास्त पेट्रोल असू द्या. वारा सुटला की वीज कंपनी आगाऊ वीज बंद करते, तेव्हा पंपही बंद पडतात.

लॉस एंजेलिसकडच्या वाचकांना नापा लांब पडतं. त्यांनी सँटा बार्बराच्या वायव्येला ऐंशी किलोमीटरवरचं लॉस अलामोस बघावं. हमरस्ता १०१ च्या वर टेकडीवर १९५९ सालचं स्कायव्ह्यू मोटेल आहे, त्याला स्वतःचा छोटा द्राक्षमळाही आहे, आणि खालच्या बेल स्ट्रीटवर टेस्टिंगची दुकानं व बेकऱ्या आहेत. तिथून जवळच्या ब्यूएल्टनमध्ये ‘साइडवेज’ या २००४ च्या चित्रपटातलं पवनचक्कीचं मोटेल आहे. पिनो न्वार आवडणाऱ्यांना हा भाग नापापेक्षा सरस वाटेल आणि खिशालाही हलका पडेल.

बाटल्या भारतात न्यायच्या असतील तर त्या चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. भारतीय कस्टम्सची करमुक्त सवलत माणशी दोन लिटर आहे, म्हणजे ७५० मिलीलिटरच्या दोन बाटल्या. आईवडील दोघे परत जात असतील तर चार. पाचवी असेल तर ती रेड चॅनेलमध्ये जाहीर करून कर भरा.